ओल असेपर्यंत

१८५७ सालचा मे महिना म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मेरठची छावणी येते. दहा तारीख, रविवार, उतरती संध्याकाळ. त्याच महिन्याच्या अगदी सुरुवातीला, मेरठला ठिणगी पडायच्या आठवडाभर आधी, लंडनमध्ये एक माणूस वारला. वय चाळिशीच्या थोडंच पुढे. मागे बायको, लहान मुलं, आणि घरात जवळजवळ काहीच नाही. ज्यांनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिला त्यांना तो चारचौघांत उठून न दिसणारा, प्रकृतीने अशक्त असा गृहस्थ वाटला होता. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याला पुरलं. फ्रेडरिक स्कॉट आर्चर त्याचं नाव.

त्या दिवसांत पॅरिसमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, कलकत्त्यात, मुंबईत कुणी ना कुणी काळ्या कापडाखाली डोकं घालून वाकलेलं होतं. समोर कुणी खुर्चीत ताठ बसलेलं होतं. आणि त्या वाकलेल्यांपैकी बहुतेकांच्या बोटांवर काळे डाग होते, आर्चरच्या रीतीचे डाग. त्या रीतीसाठी त्यांच्यापैकी कुणीही आर्चरला एक पैसा दिलेला नव्हता. तसा नियमच नव्हता. त्याने तो केलाच नव्हता.

हर्टफर्डशायरमधल्या एका खाटकाचा हा मुलगा, जन्म १८१३च्या सुमारासचा. आईबाप लवकर गेले. पोरका पोरगा लंडनला लेडनहॉल स्ट्रीटवर एका चांदीवाल्याच्या पेढीत उमेदवारीला लागला. तिथे त्याच्या हातात जुनी नाणी यायची. नाण्यावर काय असतं? अंगठ्याएवढा एक चेहरा, बाजूने पाहिलेला. राजा केव्हाच मातीत गेलेला असतो, राज्य बुडालेलं असतं, पण नाकाची धार शाबूत असते. मुलाला चांदीच्या वजनापेक्षा त्या नाकाचं अप्रूप वाटू लागलं असावं, कारण पेढी सुटली आणि तो चेहरे घडवायला लागला. रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकला, अर्धपुतळे करू लागला, त्याचे पुतळे अकॅडमीच्या प्रदर्शनांत मांडले जाऊ लागले. चांदी मात्र पुढे दुसऱ्या दाराने त्याच्या आयुष्यात परत यायची होती.

शिल्पकाराची एक अडचण असते. ज्याचा पुतळा करायचा तो माणूस किती वेळ समोर बसणार? आर्चरचे मित्र आणि वैद्य डॉ. ह्यू डायमंड यांनी १८४७च्या सुमारास त्याला फोटो काढायला शिकवलं. हे डायमंड स्वतः विलक्षण गृहस्थ. सरे परगण्यातल्या वेड्यांच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाचे प्रमुख होते आणि त्या बायकांचे फोटो काढून त्यांच्या चेहऱ्यांवरून आजार वाचता येतो का हे बघत होते. आर्चरला इतकं खोल काही नको होतं. गिऱ्हाईक घरी गेल्यावर त्याच्या गालाचं हाड कसं होतं हे आठवायला एक कागद हवा होता, बस्स.

पण तो कागदच त्याला छळू लागला. त्या काळी फोटो काढायच्या दोन रीती होत्या. एक पॅरिसच्या दागेरची, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची. तिच्यात पापणीचा केस न् केस दिसायचा, पण पत्रा एकच. दुसरी प्रत हवी तर माणसाला पुन्हा बसवा. दुसरी रीत इंग्लंडच्या टॉलबटची, कागदावरची. तिच्यात उलटं चित्र, म्हणजे निगेटिव्ह, मिळायचं आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती. पण कागद म्हटला की त्यात तंतू आले, आणि प्रकाश त्या तंतूंतून गाळून यायचा. चेहऱ्यावर जणू बारीक धुकं. पुतळे करणाऱ्या, गालाचं हाड हाताने ओळखणाऱ्या माणसाला ते धुकं सहन होणं शक्य नव्हतं. त्याला काच हवी होती.

काच वापरावी हे नेमकं त्याच सालांत का सुचलं, याचं उत्तर रसायनशास्त्राइतकंच सरकारी तिजोरीत आहे. इंग्लंडमध्ये काचेवर शतकभर जबर कर होता. तो १८४५मध्ये उठला. काच स्वस्त झाली. १८५१मध्ये हाइड पार्कात जो क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, नुसत्या लोखंडाचा आणि काचेचा, तो त्या उठलेल्या कराचाच महाल. पण काचेला रसायन धरत नाही, ओघळून जातं. मध्ये काहीतरी चिकट, पारदर्शक, पातळ हवं. फ्रान्समध्ये अंड्याचा पांढरा बलक लावून पाहिला होता. चित्र स्वच्छ यायचं, पण वेळ फार लागायचा, चेहऱ्याच्या कामाला निरुपयोगी.

आणि मग कलोडियन. १८४६मध्ये शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने साध्या कापसाचा स्फोटक पदार्थ करून दाखवला होता, गनकॉटन. तो ईथर आणि अल्कोहोलात विरघळवला की मधासारखा एक द्राव होतो. हवेत ईथर उडून जातं आणि मागे काचेसारखा पापुद्रा राहतो. डॉक्टरांनी तो लगेच उचलला, कारण जखमेवर लावला की जखम झाकली जाते, आतलं दिसतंही. ज्या कापसापासून तोफेचा दारूगोळा व्हायचा, त्याच कापसापासून शस्त्रवैद्याची पट्टी. आर्चरने ती पट्टी काचेवर लावली.

त्याच्याआधी हे कुणाच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पॅरिसचा ल ग्रे कलोडियनचा उल्लेख करून पुढे निघून गेला होता. पण कुठली रसायनं, किती, कुठल्या क्रमाने, केव्हा थांबायचं, हे सगळं मांडून दाखवलं ते आर्चरने. मार्च १८५१च्या ‘द केमिस्ट’ या मासिकात त्याने ते छापलं. कुणीही वाचावं, कुणीही करावं.

काय करावं लागायचं ते सावकाश सांगायला हवं, कारण आर्चरचं सगळं आयुष्य त्या पंधरा मिनिटांत आहे.

काच आधी घासून लख्ख करायची. बोटाचा ठसा राहिला तर तो फोटोत राहणार. मग काच एका कोपऱ्याला धरून आडवी करायची आणि मधोमध कलोडियनचं डबकं ओतायचं. त्यात आधीच पोटॅशियम आयोडाइड मिसळलेलं. आता हात न थरथरता काच कलती करायची, या कोपऱ्याकडे, त्या कोपऱ्याकडे, घावनाचं पीठ तव्यावर एकसारखं पसरावं तसं, आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत. ईथरचा वास डोक्यात जातो. पापुद्रा धरू लागला, पण अजून ओलाच आहे, तेवढ्यात काच काळोखात न्यायची आणि सिल्व्हर नायट्रेटच्या कुंडीत बुडवायची. तीन-चार मिनिटं. पारदर्शक काच दुधी होऊन बाहेर येते. आता ती प्रकाशाला घाबरते. लाकडी चौकटीत बंद करून कॅमेऱ्यापाशी पळायचं. समोरचा माणूस मागे लोखंडी टेकणीला डोकं लावून बसलेला. झाकण काढायचं, चांगल्या उन्हात काही सेकंद, झाकण लावायचं. पुन्हा काळोखात पळायचं. पायरोगॅलिक ॲसिड एका लाटेत काचेवरून फिरवायचं, आणि तिथे, पिवळ्या अंधुक उजेडात, एक उलटा माणूस हळूहळू वर येऊ लागतो. काळा पांढरा, पांढरा काळा. मग हायपोने दुधी पडदा फिटतो, पाण्याने धुवायचं, दिव्यावर वाळवायचं, आणि वर राळेचं वॉर्निश. त्या वॉर्निशात पुष्कळदा लव्हेंडरचं तेल असायचं.

हे सगळं काच ओली असेपर्यंत. वाळली की संपलं. चांदी आंधळी होते. एकदा ओतायला घेतलं की थांबता येत नाही, विचार करायला जाता येत नाही, उद्यावर टाकता येत नाही. म्हणून डोंगरात फोटो काढायचा तर काळोखाची खोली डोंगरावर न्यायची. समुद्रावर काढायचा तर समुद्रावर. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी होत, आणि तो डाग साबणाने जात नसे. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या उमेदवाराच्या हाताला चांदी अशी पुन्हा लागली.

या काचेचे काही दोषही होते, आणि ते मला तिच्या गुणांइतकेच आवडतात. तिला निळा रंग पांढरा दिसायचा. त्यामुळे आकाश कोरं येई. ही रीत चालली त्या तीसेक वर्षांचे जुने फोटो बघा, किल्ले, देवळं, रणांगणं, आगबोटी. वरचं आकाश रिकामं, एकही ढग नाही. आणि लाल रंग तिला दिसतच नसे. लाल कुंकू काळं येई, लाल पागोटं काळं येई. गहूवर्णी चेहरा होता त्याहून सावळा येई. आपल्या पणजोबांच्या पिढीचे चेहरे इतके गंभीर आणि काळवंडलेले का दिसतात, याचं अर्धं कारण ताठ बसण्यात आहे आणि अर्धं आर्चरच्या पापुद्र्यात.

आता पैशाची गोष्ट. ती टाळता येत नाही.

दागेरच्या रीतीचे हक्क १८३९मध्ये फ्रेंच सरकारने घेतले. दागेरला सालीना सहा हजार फ्रँक, त्याच्या आधी या मार्गावर चाललेल्या आणि तोवर वारलेल्या नीएप्सच्या मुलाला चार हजार फ्रँक, आणि रीत जगाला खुली, इंग्लंड सोडून. तिथे तिचं पेटंट आधीच काढून ठेवलेलं होतं. इंग्लंडात टॉलबटने १८४१ साली आपल्या कागदाच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि धंदेवाल्यांकडून परवान्याचे पैसे घेतले. टॉलबटला खलनायक करण्याची आमच्या या क्षेत्रात चाल आहे, ती मला पटत नाही. त्याने पदरचा पैसा आणि ऐन उमेदीची वर्षं त्यात घातली होती. मागितलेला मोबदला हा काही गुन्हा नव्हे. पण आर्चरची काच आल्यावर, हीसुद्धा माझ्याच पेटंटात बसते, असं त्याने म्हणायला सुरुवात केली, आणि तिथे त्याची बाजू लंगडी झाली. १८५२मध्ये हौशी लोकांना त्याने मोकळं केलं, पण पैसे घेऊन चेहरे काढणाऱ्यांवरचा हक्क सोडला नाही. लारोश नावाच्या लंडनच्या एका स्टुडिओवाल्याला त्याने कोर्टात खेचलं. डिसेंबर १८५४मध्ये ज्यूरीने निकाल दिला: टॉलबट आपल्या रीतीचा खरा जनक, पण लारोश कलोडियनवर काम करतो, तेव्हा त्याने टॉलबटचं काही घेतलेलं नाही. दारं उघडली. गल्लोगल्ली स्टुडिओ निघाले. सहा पेन्सांत चेहरा मिळू लागला. ज्याच्या काचेमुळे ही दारं उघडली तो ब्रिटिश म्युझियमजवळ ग्रेट रसेल स्ट्रीटवर आपला छोटा धंदा चालवत राहिला. लारोशला जिंकवणारी काच आर्चरची. तिच्या कमाईत आर्चरचा वाटा शून्य.

त्याने पेटंट का घेतलं नाही? औदार्य म्हणावं तर सोपं जातं, आणि शोकलेखाला शोभतंही. पण १८५१ सालचं पेटंट म्हणजे काय प्रकरण होतं ते पाहायला हवं. फक्त इंग्लंडपुरतं घ्यायचं तरी शंभर पौंडांच्या वर खर्च. स्कॉटलंड आणि आयर्लंड धरले तर तीनशेच्या पलीकडे. डिकन्सने १८५०मध्येच आपल्या साप्ताहिकात एका गरीब कारागिराची गोष्ट लिहिली होती. बिचारा पेटंटासाठी या कचेरीतून त्या कचेरीत, या शिक्क्यातून त्या शिक्क्यात, तीसहून अधिक पायऱ्या चढतो. कायदा सुधारला १८५२मध्ये, आर्चरने आपलं सगळं छापून टाकल्यावर एका वर्षाने. म्हणून मला वाटतं, त्याने दान केलं असं म्हणताना जरा थांबावं. आपल्याकडचा माणूस इथे लगेच कर्णापर्यंत जाईल. कर्णाला आपण कवच काढून देतो आहोत हे ठाऊक होतं. आर्चरने कवच काढून दिलं तेव्हा ते कवच आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला तर एका शिल्पकाराची अडचण सोडवायची होती. त्याच्या मोठेपणाला यामुळे बाध येतो असं मला वाटत नाही. जे सापडलं ते सांगून टाकावं, एवढी साधी वृत्ती त्याच्यात होती, आणि ती साधी वृत्ती त्याच्या घराला फार महाग पडली.

पेटंट घेतलं असतं तर सुखी झाला असता का? तसंही नाही. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४मध्ये छोट्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं, तेही आर्चरच्याच काचेवर उभं राहून. अफाट पैसा मिळवला, तसाच उधळला, आणि कफल्लक होऊन मेला. फोटोग्राफीच्या पहिल्या पिढीच्या नशिबात पैसा टिकणं फारसं लिहिलेलं दिसत नाही.

आर्चर, तुझ्याशी थोडं सरळ बोलतो. तुझी काच कुठे कुठे गेली ते तुला बघायला मिळालं नाही. थोडंसं मिळालं. रॉजर फेंटन दारूविक्याची एक जुनी गाडी घेऊन, तिची काळोखी खोली करून, १८५५मध्ये क्रिमियाच्या लढाईवर गेला, हे तू वाचलं असशील. पण १८६२मध्ये अमेरिकेत अँटीटमच्या शेतात पडलेले मुडदे गार्डनरने तुझ्याच ओल्या पापुद्र्यावर घेतले, आणि न्यूयॉर्कच्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लढाईतले मेलेले लोक पाहिले. ज्या द्रावाने जखमा झाकायच्या, त्याच द्रावाने जखमा उघड्या केल्या. कलकत्त्यात जन्मलेली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, अठ्ठेचाळीस वर्षांची, मुलं मोठी झालेली, हातात कॅमेरा आला आणि तिने तुझ्या काचेवर असे चेहरे घेतले की शिल्पकार म्हणून तू त्यांच्यापुढे थांबला असतास. लेविस कॅरॉलने लहान मुलं घेतली. सॅम्युएल बोर्नने हिमालयात डझनावारी हमालांच्या पाठीवर तुझ्या काचा आणि रसायनं चढवली. तुला कुणी सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? बहुधा काचा नीट घासल्या का, एवढंच विचारलं असतंस.

आणि आमच्याकडे. हिंदुस्थानातली पहिली फोटोग्राफिक सोसायटी मुंबईत ऑक्टोबर १८५४मध्ये निघाली, लंडनमधल्या सोसायटीला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा. डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींतले एक. एका हाताने नाडी बघायची, दुसऱ्याने काच धरायची. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक फोटोग्राफर निघाले. मुंबईच्या उन्हाळ्यात ईथर किती लवकर उडत असेल याची कल्पना करून पाहावी. लंडनच्या धुक्यासाठी मोजलेली मिनिटं इथे निम्म्यावर येणार. समुद्राच्या खाऱ्या हवेत, गिरगावातल्या उकाड्यात, काळ्या कापडाखाली घामाने चिंब झालेला कुणी मराठी माणूस तो दुधी पापुद्रा वाळू नये म्हणून धावतोय, हे चित्र मला क्रिमियाच्या गाडीपेक्षा जवळचं वाटतं.

अजिंठ्याचं तर फार मोठं देणं आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४०च्या दशकाच्या मध्यापासून लेण्यांतली चित्रं तैलरंगात उतरवत बसला होता. गिल आणि पारो यांच्या प्रेमाची गोष्ट आपण इतक्यांदा सांगितली आणि ऐकली आहे की गिलच्या काचा आपल्याला दिसतच नाहीत. गिलने लेण्यांचे फोटोही घेतले, आणि १८६४मध्ये वास्तुइतिहासकार फर्ग्युसनबरोबर ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक आलं, ७४ फोटोंचं. वर्षानुवर्षं राबून केलेली त्याची मोठी तैलचित्रं लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर १८६६मध्ये तिथे आग लागली आणि त्यातली बहुतेक जळाली. हाइड पार्कातून उचलून सिडनहॅमला नेलेला तोच महाल, आर्चरच्या शोधाच्या वर्षी उभा राहिलेला. रंग जळाले, काचेवर घेतलेले फोटो पुस्तकांतून पसरले होते, ते राहिले. गिल १८७९मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे.

आर्चर गेल्यावर लंडनमध्ये थोडी हालचाल झाली. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने गांभीर्याने फोटोग्राफरांना आवाहन केलं: ज्याच्या जिवावर तुम्ही कमावता त्याच्या कुटुंबासाठी काढा काहीतरी. वर्गणी जमली ती ७४७ पौंड. कारखानदारांच्या आणि स्टुडिओवाल्यांच्या त्या वर्षीच्या मिळकतीपुढे हा आकडा काय असेल ते सांगायला नको. ती रक्कम पुरायच्या आतच, पुढच्या मार्चमध्ये, त्याची बायको फ्रान्सिसही गेली. मुलं तीन उरली. मग सरकारने त्यांना वर्षाला ५० पौंडांची पेन्शन लावून दिली, आणि कारण म्हणून नोंदलं की यांच्या वडिलांनी देशाच्या फार उपयोगाचा शोध लावला पण स्वतःच्या पदरात त्यातलं जवळपास काही पडलं नाही. म्हणजे सरकारला कळलं होतं. कळायला माणूस मरावा लागला, बाई मरावी लागली, एवढंच. नीएप्सच्या मुलाचे चार हजार फ्रँक म्हणजे त्या काळच्या हिशेबाने दीडशे पौंडांच्या वर. तेही सालीना, एकट्याला.

कलोडियनचं राज्य तीसेक वर्षं चाललं. १८७१मध्ये डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनची वाळलेली काच सुचवली. ईथरच्या वाफांनी त्यांची तब्येत बिघडली होती, म्हणून त्यांनी दुसरा मार्ग शोधला. त्यांनीही पेटंट घेतलं नाही, आणि उतारवयात त्यांच्यासाठीही फंड जमवावा लागला. या वारशाला काय म्हणावं कळत नाही. १८८०च्या आसपास कोरड्या काचा कारखान्यातून डब्यात बंद होऊन येऊ लागल्या, आणि धावायची गरज संपली. फोटोग्राफरच्या बोटांवरचे डाग गेले. ओली काच मात्र छापखान्यांत टिकून राहिली. चित्रांचे ब्लॉक करणाऱ्यांना तिच्याइतकी काटेकोर रेघ दुसरी कुठली देत नव्हती, म्हणून विसाव्या शतकातही ते कलोडियन ओतत होते. ज्या धंद्यात दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी हात घालून होते, त्या ब्लॉकच्या धंद्याच्या मुळाशी हीच रीत.

आर्चरचं नाव पुसलं का गेलं, याचं उत्तर मला त्याच्या शोधाच्या स्वभावात दिसतं. दागेरच्या पत्र्याला दागेरचं नाव लागलं. आर्चरने आपल्या रीतीला आपलं नाव दिलं नाही, रसायनाचं दिलं. आणि काच म्हणजे ज्यातून आरपार बघायचं ती वस्तू. त्याला तर काचसुद्धा जास्त वाटत होती; पापुद्रा काचेवरून सोलून वेगळा काढता येईल का, याच्याही खटपटी त्याने केल्या. पुढे जिला आपण फिल्म म्हणालो ती इच्छा त्याच्या हातात तेव्हाच होती. त्याने स्वतः घेतलेले फोटो थोडेच उरलेत. त्यांत केनिलवर्थचा पडका किल्ला आहे. भिंतींवर वेली चढलेल्या, खिडक्यांतून आकाश दिसतंय, आणि आकाश अर्थातच कोरं. शोधाच्याच वर्षी, नव्या काचेवर पहिल्यांदा काय घ्यावं, तर पडझड. शिल्पकाराला शोभेल अशीच निवड ती. अलीकडे ओल्या काचेवर पुन्हा हौसेने काम करणाऱ्या लोकांनी केन्सल ग्रीनला त्याच्या नावाची पाटी लावली. हे चांगलं झालं, पण पाटी पुरेशी नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंच्या इतिहासात त्याचं नाव दागेर आणि टॉलबट यांच्यानंतर तळटिपेत येतं. ते त्यांच्या शेजारी यायला हवं, आणि जगाने त्या शतकात प्रत्यक्ष कोणाच्या रीतीने फोटो काढले हे मोजलं तर त्यांच्या आधी.

एक विनंती आहे. गावोगावचे जुने फोटो स्टुडिओ आता बंद होताहेत, वाडे उतरवले जाताहेत, आणि माळ्यावरून काचांच्या पेट्या खाली येताहेत. त्यांतल्या बहुतेक नंतरच्या, जिलेटिनच्या, कारखान्यात केलेल्या असतात, त्याही जपण्यासारख्याच. पण क्वचित एखादीच्या कडा वेड्यावाकड्या दिसतील, एका बाजूला थर ओघळून जाड झालेला असेल, आणि एका कोपऱ्यात अंगठ्याएवढी जागा मोकळी असेल. ती हाताने ओतलेली काच. तो कोपरा ओतणाऱ्याने धरलेला होता. अशी काच पाण्याने पुसू नका, वॉर्निश खरवडू नका, चौकटीसाठी कुणाला देऊ नका. एकीवर एक आडव्या रचू नका. प्रत्येक काच वेगळ्या कागदात गुंडाळून उभी ठेवा, आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा.